पाठीतली भूल उतरल्यावर

‘पिशवी काढलीय, दोन दिवस दुखणारच’ हे घरातल्या मोठ्या बायका म्हणतात आणि वॉर्डातही तेच ऐकू येते. या समजुतीला भूलतज्ज्ञांमधल्या एका पूर्वपक्षाचा आधार मिळतो आणि तो दुबळा नाही. पाठीतल्या भुलीत मॉर्फिन मिसळले तर श्वास मंदावण्याची भीती, तीही रात्री, वॉर्ड निजलेला असताना. त्यापेक्षा नुसते बधिर करणारे ब्युपिव्हाकेन द्यावे, दुखलेच तर दंडात किंवा शिरेत इंजेक्शन आहेच.

धोका खोटा नाही. मॉर्फिन पाण्यात विरघळणारे असल्यामुळे मणक्यातल्या पाण्यात रेंगाळते, सावकाश वर मेंदूकडे सरकते. म्हणून श्वासाचा त्रास काही तासांनी उद्भवू शकतो. पण त्याचा गुणही याच रेंगाळण्यात आहे. ब्युपिव्हाकेन दोन-तीन तासांत उतरते. मॉर्फिनच्याच जातीचे, पण चरबीत विरघळणारे फेंटानिलही लवकर ओसरते. मॉर्फिनचा आराम मात्र 18 ते 24 तास टिकू शकतो. मॉर्फिन नसेल तर पायाची बोटे हलू लागतात त्याच सुमारास टाके ठणकू लागतात. मग बाई खोकायला घाबरते, कूस बदलत नाही, खाटेवरून उतरत नाही. छातीत कफ साठतो, पायाच्या शिरेत गुठळी होण्याचा धोका वाढतो. वेदना सोसणे सुरक्षित, हे गृहीतकच मला मान्य नाही.

शिवाय ही भीती ज्या मात्रांतून जन्मली त्या आजच्या नव्हेत. 1979 मध्ये मेयो क्लिनिकच्या वांग आणि सहकाऱ्यांनी कर्करोगाच्या रुग्णांना मणक्यात 0.5 ते 1 मिलिग्रॅम मॉर्फिन दिले. पुढे कुठे कुठे त्याहून कितीतरी जास्त दिले गेले. आज पिशवीच्या ऑपरेशनला 0.1 ते 0.2 मिलिग्रॅम पुरते. दंडात देतात त्या 10 मिलिग्रॅमच्या मानाने हा शंभरावा-पन्नासावा भाग.

खरी जोखीम मला मोजमापात दिसते. छोट्या अँप्यूलमधून इतके थोडे औषध काढताना दशांश चिन्ह चुकले की मात्रा दसपट होते. म्हणून औषध परिरक्षकविरहित हवे, पातळ करताना दुसऱ्या माणसाने पडताळावे, सिरिंजवर चिठ्ठी असावी. नंतर पहिले 12 तास दर तासाला आणि पुढचे 12 तास दर दोन तासांनी श्वास व गुंगी पाहावी. मॉर्फिनवरचा उतारा, नॅलोक्सोन, हाताशी असावे. अंगाला खाज सुटते, मळमळते, हे बाईला आधीच सांगावे. जिथे रात्री पाहायला परिचारिकाच नाही तिथे मॉर्फिन देऊ नये, एवढे मी पूर्वपक्षाला देतो. पण मग त्या वॉर्डाला परिचारिका मागावी, बाईला सोसायला सांगू नये.

मॉर्फिनऐवजी पाठीतल्या भुलीत डेक्समेडेटोमिडीन मिसळण्याचा हल्लीचा उत्साह मात्र मला पटत नाही. ते भूल लांबवते हे खरे, पण मुळात ते शिरेतून गुंगी आणण्यासाठी मंजूर झालेले औषध. मणक्यातला त्याचा वापर त्या मंजुरीच्या बाहेरचा आहे, आणि नाडी मंदावणे, रक्तदाब उतरणे हे त्याचे परिणाम पाठीतल्या भुलीच्या परिणामांत भर घालतात.