शेंदूर

शेंदूर म्हणजे शिशाचे भडक, नारिंगी छटेचे तांबडे ऑक्साइड. त्याच्या रेणुसूत्रात शिशाचे तीन आणि ऑक्सिजनचे चार अणू असतात. वजनाने पाहिले तर ९० टक्क्यांहून जास्त भाग शिशाचाच. त्यामुळे लहानशी पुडीही हाताला चांगलीच जड लागते. मारुतीला किंवा म्हसोबाला तेलात खलून लावायचा पारंपरिक शेंदूर हाच. हळदीपासून होणारे कुंकू आणि पाऱ्यापासून होणारा हिंगूळ हे निराळे पदार्थ.

निसर्गात हे ऑक्साइड मिनियम या खनिजाच्या रूपाने आढळते, पण क्वचितच. कारखान्यात शिशापासून आधी मुरदाडशिंग, म्हणजे शिशाचे मोनॉक्साइड, करतात आणि ते ४५० ते ५०० अंश सेल्सिअसवर, हवा खेळती ठेवून, तासन्‌तास ढवळत भाजतात. आच फार वाढली तर ऑक्सिजन निघून जातो आणि हाती पुन्हा मुरदाडशिंगच उरते. शेंदूर पाण्यात विरघळत नाही. नायट्रिक अम्लात टाकला की त्यातला काही भाग विरघळतो आणि तळाशी तपकिरी लेड डायऑक्साइड बसते.

लोखंडाला गंज लागू नये म्हणून जवसाच्या तेलात कालवलेल्या शेंदराचा हात देण्याची रीत जुनी आहे. तेलातील अम्लांशी संयोग होऊन शिशाचे साबण तयार होतात आणि चिवट थर धरतो. या साबणांपासून निघणारी द्रव्ये लोखंडाचा पृष्ठभाग निष्क्रिय करतात. नीट साफ न झालेल्या, थोड्या गंजक्या पत्र्यावरही हा थर टिकतो, हे त्याचे खरे बळ. सॅन फ्रान्सिस्कोचा १९३७ साली खुला झालेला गोल्डन गेट पूल आधी शेंदराच्या प्रायमरनेच रंगवला होता. पुढे शिशाचा रंग टप्प्याटप्प्याने खरवडून काढला आणि जस्ताच्या प्रायमरवर ॲक्रिलिक रंग आला. पुलाची नारिंगी ओळख मात्र प्रायमरच्या रंगावरूनच सुचलेली.

शिसे-अम्ल बॅटरीच्या धन पट्टीच्या लेपात शेंदूर मिसळला की पट्टी लवकर तयार होते. क्रिस्टल काचेला वजन आणि चकाकी शिशाच्या ऑक्साइडमुळे येते. लंडनच्या जॉर्ज रेव्हन्सक्रॉफ्टने १६७४ साली अशा काचेचे पेटंट घेतले. चिनी मातीच्या झिलईतही शेंदूर वापरला जाई. फिटरचे काम त्याहून साधे: तेलात कालवलेला शेंदूर सरफेस प्लेटवर अगदी पातळ पुसायचा, त्यावर सपाट करायचा जॉब सरकवायचा आणि जिथे तांबडे ठिपके उठतील तेवढेच उंचवटे स्क्रेपरने खरवडायचे.

रंग म्हणून मात्र तो भरवशाचा नाही. भित्तिचित्रांत तो काळवंडतो, तर व्हॅन गॉगच्या १८८९ मधील एका चित्रात तो पांढरट पडला आहे. देवळांतला प्रश्न वेगळाच, तिथे पुटांवर पुटे चढत राहतात. वणीच्या सप्तशृंगी देवीच्या मूर्तीवरचे शेंदराचे कवच २०२२ साली उतरवले, ते हजार किलोंहून जास्त भरले.

शेंदूर बहुतांशी शिसेच असल्याने त्याची धूळ श्वासावाटे किंवा तोंडावाटे शरीरात गेली की साठत राहते. लहान मुलांच्या मेंदूला त्याचा धोका सर्वाधिक. भारतात घरगुती व सजावटीच्या रंगांत ९० पीपीएमपेक्षा जास्त शिसे नको, असा २०१६ चा नियम आहे. औद्योगिक रंग त्यातून बाहेर राहिले, ही त्याची मोठी उणीव. दुकानात ‘रेड ऑक्साइड’ नावाने मिळणारा तपकिरी-तांबडा प्रायमर बहुधा लोहाच्या ऑक्साइडचा असतो, तो शेंदूर नव्हे. मात्र जुन्या ग्रिलवर किंवा दारावर वरच्या रंगाखाली भडक नारिंगी थर दिसला, तर तो सुका घासू नये आणि ब्लोलॅम्पने जाळूही नये. ओला करूनच खरवडावा, आणि त्या वेळी मुलांना घराबाहेर ठेवावे.