रक्त दिल्याशिवाय माणूस नाही

१९३६ च्या ‘अछूत कन्या’त बामणाच्या प्रतापवर जीव लावलेल्या कस्तुरीला आगगाडीखाली मरावं लागलं. १९५९ च्या ‘सुजाता’त पोरीनं रक्त दिलं, तेव्हा कुठं ती बामणाघरची लेक ठरली. त्याला फिल्मफेअर मिळालं. २०१९ ला ऑस्कर घेतलेल्या ‘ग्रीन बुक’मध्ये काळ्याची गोष्ट गोऱ्या ड्रायव्हरच्या चांगुलपणाची झाली.

आमच्या बिलोलीच्या जिल्ह्यात, नांदेडात, १९७८ ला नामांतराच्या दंगलीत पोचिराम कांबळेंना जिवानिशी मारलं. एवढं रक्त सांडूनही विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव लागायला १९९४ उजाडलं. सिनेमात रक्तानं मनं बदलतात. गावात नाही.

२०१३ च्या ‘फँड्री’तला जब्या रक्त देत नाही. दगड भिरकावतो, थेट बघणाऱ्यावर. त्यालाही राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. टाळ्या वाजवणाऱ्यांनो, दगड लागला का?