स्वस्त इलेक्ट्रिक गिटार घेताना काय तपासावे?

गोंदिया जिल्ह्यातील देवरी तालुक्याचे चिचगड हे झाडीपट्टीतले गाव. दिवाळीनंतर या पट्ट्यात नाटकांचा हंगाम सुरू होतो आणि वादक रात्रभर प्रत्यक्ष साथ देतात. अशा गावातील होतकरू वादकाने इलेक्ट्रिक गिटार ऑनलाइन मागवली, तर ती हातात येते थेट पार्सल उघडल्यावर. म्हणून परतीची मुदत संपण्याआधी गिटार नीट तपासणे महत्त्वाचे.

डबल कटअवे म्हणजे काय?

गिटारची मान (नेक) जिथे बॉडीला मिळते, तिथे दोन्ही बाजूंना खाचा असतील तर ती डबल कटअवे. फेंडर कंपनीची 1954 ची स्ट्रॅटोकास्टर हे याचे सर्वांत ओळखीचे रूप. या खाचांमुळे सोळाव्या फ्रेटच्या पुढेही हात सहज पोहोचतो. मात्र शिकाऊ वादकाचा बराच वेळ पहिल्या पाच फ्रेटवर जातो. त्यामुळे केवळ आकारासाठी जास्त पैसे मोजण्यात अर्थ नाही.

घरीच करता येणाऱ्या चाचण्या

यासाठी अ‍ॅम्प्लिफायर लागत नाही. आधी तारा सुरात लावून घ्याव्यात.

- नेक: वरच्या टोकाकडून एका डोळ्याने पाहावी. पिळलेली दिसली तर गिटार परत करावी.
- फ्रेट: नेकच्या कडेवरून बोट फिरवावे. टोके बोचतात का ते पाहावे. मग प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर वाजवावी. एखादाच सूर खरखरत किंवा दबत असेल, तर फ्रेट वरखाली असण्याची शक्यता असते.
- तारांची उंची: बाराव्या फ्रेटवर तार सुमारे दीड ते दोन मिलिमीटर वर असावी. त्याहून फार वर असेल तर बोटे दुखतात.
- सुरांची अचूकता: बाराव्या फ्रेटवर तारेला हलका स्पर्श करून छेडावे, मग तीच तार तिथे दाबून छेडावी. मोबाइलमधील ट्यूनरवर दोन्ही सूर एकच दिसावेत.

कोणता दोष चालेल, कोणता नाही?

तारांची उंची आणि सुरांची अचूकता ब्रिजवरील स्क्रूने सुधारते. नेकचा किंचित बाक आतील लोखंडी सळईने, म्हणजे ट्रस रॉडने, दुरुस्त होतो. ती एका वेळी पाव फेऱ्याहून जास्त फिरवू नये. पावसाळ्यातील दमट हवा आणि उन्हाळ्यातील कोरडेपणा यांमुळे असा बाक पुन्हा येऊ शकतो. खरखरणारे बटण साफ करता येते. पिळलेली नेक आणि वरखाली फ्रेट यांची दुरुस्ती मात्र स्वस्त गिटारच्या किमतीला परवडत नाही.

खरी किंमत किती?

गिटारच्या किमतीत छोटा अ‍ॅम्प्लिफायर, केबल, पट्टा आणि तारांचा जादा संच धरावा. जोडून पाहताना सिंगल कॉइल पिकअपमधून थोडी गुणगुण येणे स्वाभाविक आहे. हमबकर पिकअप ती बरीच दाबते. पण केबल हलवताच आवाज तुटत असेल, तर आधी दुसरी केबल लावून पाहावी. तरीही तुटत असेल, तर दोष गिटारच्या जॅकमध्ये असण्याची शक्यता असते.

पार्सल उघडतानाचा व्हिडिओ काढून ठेवावा आणि या चाचण्या त्याच दिवशी कराव्यात. तक्रार करायची वेळ आली, तर तोच पुरावा उपयोगी पडतो.