आबे फारिया आणि भयमुक्तीची साधने

डिचोलीतील साळ गावावरून आणि पेडण्याच्या कडेने वाहत येणारी शापोरा नदी पुढे बारदेशातील कोलवाळजवळून समुद्राकडे जाते. या कोलवाळच्या कायतान व्हितोरिन फारियांचे पुत्र जुझे कुस्तोदियु हेच पुढे आबे फारिया म्हणून विख्यात झाले. त्यांचा जन्म १७५६ साली कांदोळी येथे झाला. १७७१ साली ते पित्यासह लिस्बनला गेले आणि नंतर रोममध्ये धर्मशास्त्र शिकले.

त्यांच्याविषयी एक आख्यायिका गोव्यात घरोघरी सांगतात. पोर्तुगालच्या राणीसमोर प्रवचनाला उभे राहताच तरुण फारियांची वाचा बसली. तेव्हा पित्याने हळूच कोंकणीतून सांगितले की, ही सारी भाजी आहे, काप ती! त्या एका वाक्याने भय ओसरले आणि प्रवचन रंगले. कथेचा खरेखोटेपणा कसाही असो, फारियांच्या पुढील संशोधनाचे बीज तीत दिसते.

१७८८ साली फारिया पॅरिसला गेले. व्याकुळ जीवांना इंद्रियांच्या द्वारे शांतविण्याचा एक मोठा प्रयोग त्या नगरीत आधीच गाजून गेला होता. मेस्मर नावाच्या वैद्याने लाकडी टब तयार करविला होता. त्यात पाण्याच्या बाटल्या आणि लोखंडाचा कीस असे, बाहेर लोखंडी दांडे निघालेले असत. भोवती आरसे, मंद प्रकाश आणि काचवाद्याचे सूर. रुग्ण ते दांडे दुखऱ्या भागाला लावीत. कित्येकांना बरे वाटे. मेस्मर त्याचे श्रेय एका अदृश्य चुंबकीय द्रवाला देत असे. १७८४ साली फ्रँकलिन, लाव्हाझिए आदी विद्वानांच्या आयोगाने चौकशी केली. असा द्रव नाही, हा परिणाम कल्पनेचा आहे, असा त्यांनी निर्वाळा दिला.

आयोगाने ‘केवळ कल्पना’ म्हणून जे बाजूला सारले, तेच फारियांनी अभ्यासाला घेतले. १८१३ साली त्यांनी पॅरिसमध्ये वर्ग सुरू केले. त्यांत ना टब, ना वाद्य. माणसाला आरामात बसवावे, डोळे मिटून झोपेचे चिंतन करावयास सांगावे आणि मग ठाम स्वरात ‘झोपा!’ म्हणावे. तेवढ्याने साधले नाही, तर उघडा तळहात डोळ्यांसमोर धरून हळूहळू जवळ न्यावा. फारियांचा सिद्धान्त असा की, शक्ती प्रयोग करणाऱ्यात नसून ज्याच्यावर प्रयोग होतो त्याच्या अंतःकरणात आहे.

त्यांचे सारेच म्हणणे टिकले नाही. ज्यांचे रक्त पातळ ते लवकर झोपतात, हे त्यांचे मत शास्त्राने सोडून दिले. एका नटाने झोपेचे सोंग करून त्यांची फजिती केली, रंगभूमीवर त्यांचे विडंबन झाले. १८१९ साली त्यांचा ग्रंथ निघाला आणि त्याच वर्षी ते निवर्तले. पुढे नान्सी येथील लिएबो आणि बेर्नहेम या वैद्यांच्या कार्याने सूचनेचे महत्त्व प्रस्थापित झाले, तेव्हा फारियांचे म्हणणे लोकांना पटले. पणजीत जुन्या सचिवालयाशेजारी रामचंद्र पांडुरंग कामत यांनी घडविलेला त्यांचा पुतळा १९४५ पासून उभा आहे.

आज मनगटावर मंद कंप देऊन श्वासाची लय सावरणारी उपकरणे निघाली आहेत, कानांत पावसाचा नाद ऐकविणारी आहेत. ती अवश्य वापरावीत, भय हटत नसेल तर वैद्याकडेही जावे. मात्र उपकरण मनाला वाट दाखविते, त्या वाटेने मनालाच चालावे लागते. ज्या उपकरणाचा कर्ता हे लपवून सारे श्रेय यंत्राला देतो, तो मेस्मरच्याच टबाकडे परत चालला आहे, असे समजावे.