संदर्भ कंप्रता, अणुकेंद्रीय चुंबकीय अनुस्पंदनातील

संदर्भ कंप्रता : अणुकेंद्रीय चुंबकीय अनुस्पंदनाच्या वर्णपटातील शिखरांची स्थाने ज्या कंप्रतेपासून (दर सेकंदास होणाऱ्या कंपनांच्या संख्येपासून) मोजतात, ती कंप्रता. एकाच रेणूचे निरनिराळे बहुमितीय वर्णपट ताडून पाहण्यापूर्वी त्यांच्या संदर्भ कंप्रता जुळवाव्या लागतात.

द्रव व घन पदार्थांतील हे अनुस्पंदन फेलिक्स ब्लॉख व ई. एम. पर्सेल यांनी १९४६ मध्ये स्वतंत्रपणे दाखवून दिले. एकाच मूलद्रव्याच्या अणुकेंद्रांची कंप्रता रासायनिक परिसरानुसार किंचित बदलते, असे १९५० मध्ये आढळले. या बदलाला रासायनिक स्थानांतर म्हणतात. १९५१ मध्ये जे. टी. आर्नल्ड, एस. एस. धर्मट्टी व एम. ई. पॅकार्ड यांना एथिल अल्कोहॉलाच्या वर्णपटात प्रोटॉनांच्या तीन प्रकारांची तीन शिखरे मिळाली. धर्मट्टी यांनी पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत या विषयाच्या संशोधनाचा पाया घातला.

स्थानांतर अत्यल्प असल्याने ते कंप्रतेच्या दशलक्षांशांत मांडतात. त्यासाठी शून्यबिंदू म्हणून टेट्रामिथिल सिलेन हे संयुग जी. व्ही. डी. टायर्स यांनी १९५८ मध्ये सुचविले. त्यातील बाराही प्रोटॉन समतुल्य असल्याने एकच ठळक शिखर मिळते. मात्र ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. म्हणून प्रथिनांसाठी डीएसएस हे जलविद्राव्य संयुग रूढ झाले. पाण्याचे स्वतःचे शिखर २५° से. तापमानास सुमारे ४·७७ दशलक्षांशांवर असते. पण तापमान एक अंशाने वाढल्यास ते सुमारे ०·०१ ने सरकते. त्यामुळे ते दुय्यम संदर्भ म्हणूनच वापरणे इष्ट ठरते.

झां जीनेर यांनी १९७१ मध्ये द्विमितीय पद्धतीची कल्पना मांडली व आर. आर. एर्न्स्ट यांनी ती विकसित केली. बहुमितीय वर्णपटात प्रोटॉन, कार्बन (१३) व नायट्रोजन (१५) यांचे वेगवेगळे अक्ष असतात आणि प्रत्येकास स्वतःचा शून्यबिंदू लागतो. स्पार्कीसारख्या संगणकीय आज्ञावलीत दोन वर्णपटांतील एकाच अणुकेंद्राची शिखरे निवडून त्यांच्या स्थानांतील फरकाइतका एक अक्ष सरकवितात. अनेक शिखरांच्या फरकांची सरासरी घेतल्यास जुळणी अधिक भरवशाची होते.

अशा जुळणीने वर्णपट परस्परांशी सुसंगत होतात. परंतु मूळ शून्यबिंदू चुकीचा असल्यास सर्व वर्णपट सारखेच चुकतात. टेट्रामिथिल सिलेन व डीएसएस यांवर आधारलेल्या कार्बन मापक्रमांत सुमारे २·७ दशलक्षांशांचा फरक आहे. प्रथिनातील सर्पिल भागात आल्फा-कार्बनाचे स्थानांतरही सरासरीने सुमारे ३ दशलक्षांशांनीच वाढते. साहजिकच मापक्रमाची गल्लत झाल्यास नसलेला सर्पिल असल्याचा किंवा असलेला नसल्याचा भास होऊ शकतो.

यावर उपाय म्हणून डी. एस. विशार्ट व सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये निश्चित गुणोत्तरे सुचविली. डीएसएसच्या प्रोटॉन कंप्रतेस ०·२५१४४९५३० ने गुणल्यास कार्बनाचा, तर ०·१०१३२९११८ ने गुणल्यास नायट्रोजनाचा (द्रव अमोनियासापेक्ष) शून्यबिंदू मिळतो. १९९८ मध्ये आंतरराष्ट्रीय शिफारशींत ही पद्धत स्वीकारली गेली. तरीही प्रथिनांच्या सार्वजनिक माहितीसंग्रहाच्या २००३ मधील तपासणीत कार्बनाच्या सुमारे २५ टक्के, तर नायट्रोजनाच्या सुमारे २७ टक्के नोंदींत लक्षणीय दुरुस्ती आवश्यक असल्याचे दिसून आले. म्हणून अक्ष सरकविताना मूळ संदर्भसंयुग, तापमान व केलेला बदल यांची नोंद ठेवणे अत्यावश्यक आहे.