शेवटून पहिला

९ मे १९८७. शनिवार. आपली दुसरीची परीक्षा संपली होती आणि बहुतेकजण मामाच्या गावी आंब्यांवर तुटून पडले असणार. त्याच दुपारी इंग्लंडमध्ये, लँकेशायर परगण्यातल्या बर्नली नावाच्या गिरणगावात, टर्फ मूर मैदानाबाहेर एवढी गर्दी झाली की सामना पंधरा मिनिटे उशिरा सुरू करावा लागला. त्या हंगामात या मैदानावर एरवी तीन हजारांच्या आसपास माणसे यायची. त्या दिवशी पंधरा हजारांहून अधिक आली. ती विजेतेपद पाहायला आलेली नव्हती. त्यांचा संघ चौथ्या डिव्हिजनमध्ये चोविसातला चोविसावा होता, म्हणजे आपल्या शाळेच्या भाषेत शेवटून पहिला. लोक आले होते ते बहुधा निरोप द्यायला.

फुटबॉलवर या स्मरणिकेत कोणी लिहील असे संपादक मंडळाला वाटले नसेल, आणि मी लिहीन असे तर नाहीच. पण गेली बारा-तेरा वर्षे एप्रिल-मे महिन्यांत मी इंग्लंडच्या खालच्या डिव्हिजनची गुणतक्ते घेऊन बसते. वरच्या संघांचे कौतुक सगळे जग करते. मला तळाकडच्या दोन-चार ओळींचे वेड आहे. त्या ओळींना इतिहास आहे आणि तो मतपेटीपासून सुरू होतो.

फुटबॉल लीग १८८८ साली बारा क्लबांनी स्थापन केली. त्यातले निम्मे लँकेशायरचे होते: अ‍ॅक्रिंग्टन, ब्लॅकबर्न, बोल्टन, बर्नली, एव्हर्टन, प्रेस्टन. बहुतेक कापसाची गावे. अमेरिकन यादवी युद्धात तिकडचा कापूस बंद झाला तेव्हा याच भागातल्या गिरण्यांसाठी आपल्याकडचा कापूस मुंबई बंदरातून जाऊ लागला आणि मुंबईत पैशाचा पूर आला, हे आपण इतिहासात शिकलो आहोत. पुढे लीगचा पसारा वाढत चार डिव्हिजन आणि ९२ क्लब असा झाला. वरच्या डिव्हिजनमधून खाली आणि खालून वर अशी ये-जा गुणांवर चालायची. पण चौथ्या डिव्हिजनच्या खालचे दार गुणांनी उघडत नसे. तळाच्या चार क्लबांनी वार्षिक सभेत अर्ज करायचा आणि इतर क्लबांनी मते द्यायची, की यांना ठेवायचे की बाहेरच्या एखाद्याला घ्यायचे. याला फेरनिवडणूक म्हणत.

सोसायटीची वार्षिक सभा पाहिलेल्या कोणाही मराठी माणसाला पुढचे सांगायला नको. ओळखीचा माणूस निवडून येतो. हार्टलपूल या क्लबने चौदा वेळा असा अर्ज केला आणि चौदाही वेळा तो आत राहिला. कधीमधी कोणाची गच्छंती व्हायची: १९७० साली ब्रॅडफर्ड पार्क अ‍ॅव्हेन्यू, १९७२ साली बॅरो, १९७७ साली वर्किंग्टन, १९७८ साली साउथपोर्ट. साउथपोर्टच्या जागी विगन आला, आणि त्यानंतर दार जवळजवळ बंदच झाले. १९८० साली बाहेरच्या लीगचा विजेता ऑल्ट्रिंगम उभा राहिला. रॉचडेलला २६ मते पडली, ऑल्ट्रिंगमला २५. पुढच्या वर्षी ऑल्ट्रिंगमने ती लीग पुन्हा जिंकली. तरीही दार उघडले नाही.

अखेर १९८६-८७ च्या हंगामापासून नियम बदलला. शेवटचा क्लब आपोआप बाहेर, बाहेरच्या लीगचा विजेता (त्याचे मैदान अटींत बसत असेल तर) आपोआप आत. मते नाहीत, ओळखी नाहीत. आणि या नव्या नियमाच्या पहिल्याच वर्षी सुळावर कोण चढावे? तर लीगच्या बारा संस्थापकांपैकी एक, १९२१ आणि १९६० सालचा इंग्लंडचा विजेता बर्नली. जुनी पद्धत असती तर बर्नलीला कोणी हात लावला नसता. मला हा भाग फार आवडतो. नियम करणाऱ्यांनी तो कोणा किरकोळ क्लबासाठी केला असेल, पण नियमाला घराणे कळत नाही.

शेवटच्या दिवशी सकाळचा हिशेब असा होता: लिंकन सिटी ४८ गुण, टॉर्की युनायटेड ४७, बर्नली ४६. विजयाला तीन गुण, बरोबरीला एक. बर्नलीने जिंकायचेच, आणि वर दोघांपैकी एकाने तरी अडखळायचे. समोर ओरिएंट हा लंडनचा क्लब, त्यालाही बढतीच्या आशेने सामना जिंकायचा होता. मध्यंतराच्या थोडे आधी नील ग्रूकॉकने गोल केला, मध्यंतरानंतर लगेच इयन ब्रिटनने डोक्याने दुसरा. ओरिएंटने एक फेडला. उरलेला वेळ पंधरा हजार माणसांनी कसा काढला असेल ते ट्रान्झिस्टर कानाला लावून गावसकरची शेवटची षटके ऐकलेल्यांना कळेल. बर्नली २-१ ने जिंकला. लिंकन तिकडे वेल्समध्ये स्वान्सीकडून ०-२ हरला. बर्नली वाचला.

मग बुडणार कोण? लिंकन की टॉर्की? इथे कुत्रा येतो.

टॉर्की हे इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरचे सुट्टीचे गाव. तिथे क्रू अलेक्झांड्राविरुद्ध मध्यंतराला संघ ०-२ ने मागे होता. मग जिम मॅकनिकल या बचावपटूने फ्री किकवर एक गोल फेडला. दुसऱ्याचा पत्ता नव्हता आणि मिनिटे संपत आली होती. मॅकनिकल चेंडूमागे धावत मैदानाच्या कडेला गेला. तिथे बंदोबस्ताला ब्रिन नावाचा पोलिसांचा अल्सेशियन होता. हा माणूस आपल्या हवालदारावर चालून येतोय असा त्याचा समज झाला आणि त्याने मॅकनिकलच्या मांडीचा लचका तोडला. सामना थांबला, मलमपट्टी झाली, मॅकनिकल पुन्हा उभा राहिला. टाके नंतर पडले, सतरा. पंचाने तेवढी मिनिटे वाढवून दिली आणि त्या वाढीव वेळेत पॉल डॉब्सनने गोल केला. २-२. टॉर्कीचे ४८ गुण, लिंकनचे ४८. गोलफरकाने टॉर्की वर.

आमच्या धंद्यात याला सॉर्टिंगची दुसरी अट म्हणतात: पहिल्या रकान्यात आकडे समान आले तर पुढचा रकाना पाहा. ती अट लिहायला एक ओळ लागते. लिंकनमध्ये त्या ओळीने काय झाले असेल याचा विचार मी गुणतक्ते पाहायला लागेपर्यंत कधी केला नव्हता. लिंकन सकाळी तिघांत सर्वांत वर होता आणि संध्याकाळी लीगबाहेर. आपोआप बाहेर पडणारा पहिला क्लब म्हणून त्याचे नाव कायमचे लागले.

कुत्र्याची गोष्ट सगळे सांगतात. लिंकनची पुढची गोष्ट कमी सांगतात, आणि माझ्या मते तीच महत्त्वाची आहे. दार आता दोन्ही बाजूंनी उघडे होते. पुढच्याच हंगामात लिंकनने बाहेरची लीग जिंकली. शेवटच्या सामन्याला नऊ हजारांहून अधिक लोक आले, पाचव्या पायरीवरच्या सामन्याला! कोणाच्या सभेत हात जोडायची गरज पडली नाही. पण त्याच १९८८ साली त्यांच्या जागी न्यूपोर्ट काउंटी खाली गेला आणि फेब्रुवारी १९८९ मध्ये कर्जापायी हंगामाच्या मध्यावरच बंद पडला. दार तेच. एक वर्षात परतला, दुसरा वर्षभरही टिकला नाही. न्यूपोर्टच्या पाठीराख्यांनी त्याच वर्षी क्लब पुन्हा उभा केला, तळाच्या बऱ्याच पायऱ्या खालून. लीगमध्ये परत यायला त्यांना २०१३ साल उजाडले.

आणि १९८७ मध्ये लिंकनच्या जागी जो आत आला तो स्कारबरो. उघड्या दाराने आलेला पहिला पाहुणा. बारा वर्षांनी, ८ मे १९९९ रोजी, हाच स्कारबरो तळाशी झगडत होता. त्याचे ४७ गुण, त्याच्याखाली कार्लाइल ४६. स्कारबरोचा सामना १-१ असा सुटला आणि त्यांचे लोक मैदानात उतरून नाचू लागले, कारण कार्लाइलही प्लिमथविरुद्ध १-१ वर होते आणि वाढीव वेळ संपत आला होता. कार्लाइलला कॉर्नर मिळाला. त्यांचा गोलरक्षक जिमी ग्लास उसना आणलेला होता, क्लबासाठी त्याचा तिसराच सामना. तो आपली जागा सोडून समोरच्या गोलसमोर पळत गेला. डोक्याने मारलेला एक फटका प्लिमथच्या गोलरक्षकाने अडवला, चेंडू ग्लासच्या पायाशी आला, त्याने मारला. कार्लाइल ४९, स्कारबरो ४८. नाचणारे लोक काही सेकंदांत लीगबाहेर गेले.

या गोलाची चित्रफीत लाखोंनी पाहिली आहे. मी ती पाहते तेव्हा मला स्कारबरोचे मैदान आठवते, जे त्या चित्रफितीत नाही. स्कारबरो पुन्हा वर आला नाही. २००७ साली क्लब दिवाळखोरीत गेला आणि मोडला. लोकांनी त्याच वर्षी स्कारबरो अ‍ॅथलेटिक नावाने नवा काढला. ग्लासने नंतर टॅक्सी चालवली.

आता आपल्या घराजवळचा धागा. २०१२ च्या सुमारास मी प्रोजेक्टसाठी मँचेस्टरला होते. तिथल्या टीममधला एक सहकारी ब्लॅकबर्नचा. मी पुण्याहून आले म्हटल्यावर त्याने हातातला कप खाली ठेवला आणि पुढची वीस मिनिटे मला पुण्याच्या वतीने उत्तरे द्यावी लागली. कारण ब्लॅकबर्न रोव्हर्स हा क्लब नोव्हेंबर २०१० मध्ये पुण्याच्या व्यंकटेश्वरा हॅचरीज समूहाने, म्हणजे आपल्या ओळखीच्या व्हेंकीजने, विकत घेतला होता. हाही बारा संस्थापकांपैकी एक आणि १९९५ चा प्रीमियर लीग विजेता. मे २०१२ मध्ये तो प्रीमियर लीगमधून खाली गेला, आणि ज्या सामन्यात ते नक्की झाले त्यात कोणीतरी क्लबचा झेंडा पांघरलेली जिवंत कोंबडी मैदानात सोडली. मला हसू आले, तो हसला नाही. गुणतक्त्यांचे माझे वेड त्या वीस मिनिटांपासूनचे.

७ मे २०१७ रोजी मी पुण्यात घरी बसून तीन सामने एकदम पाहत होते. दुसऱ्या डिव्हिजनचा शेवटचा दिवस. ब्लॅकबर्न ४८, नॉटिंगहॅम फॉरेस्ट ४८, बर्मिंगहॅम ५०. फॉरेस्ट गोलफरकात एका गोलाने पुढे. ब्लॅकबर्न ब्रेंटफर्डमध्ये ३-१ ने जिंकला, जे करणे हातात होते ते त्याने केले. पण फॉरेस्टने इप्सविचला ३-० ने हरवले आणि बर्मिंगहॅमही जिंकला. ५१ आणि ५१, दोन गोलांचा फरक, आणि प्रीमियर लीग जिंकलेला एक क्लब पहिल्यांदाच तिसऱ्या पायरीवर. मालक कसे वागले यावर तिकडे खूप लिहिले गेले आहे. पण मला खटकले ते इतकेच, की त्या रविवारी लँकेशायरमध्ये जे कोसळत होते त्याची चाहूल ज्या शहरात मालक होते तिथे कोणालाच नव्हती. पुण्यात ती एक साधी, उकाड्याची संध्याकाळ होती. ब्लॅकबर्न पुढच्याच वर्षी बढती मिळवून वर आला, एवढे मात्र नोंदवायला हवे.

आदल्या दिवशी, शनिवारी, तळाच्या डिव्हिजनमध्ये तोच न्यूपोर्ट आणि चौदा वेळा मतांवर तरलेला हार्टलपूल एकमेकांच्या जिवावर उठले होते. न्यूपोर्ट मार्चमध्ये अकरा गुणांनी मागे होता. शेवटच्या दिवशी हार्टलपूलने डॉनकास्टरला हरवले आणि तरीही तो बुडाला, कारण ८९ व्या मिनिटाला न्यूपोर्टच्या मार्क ओब्रायनने विजयाचा गोल केला. १९२१ पासून लीगमध्ये असलेला हार्टलपूल ९६ वर्षांनी बाहेर.

आपल्याकडे हे दार अजून नीट बसलेले नाही. आयपीएलमध्ये शेवटून पहिला आलेला संघ पुढच्या वर्षी लिलावात हसत बसतो. फुटबॉलमध्ये आय-लीग जिंकून पंजाबचा क्लब इंडियन सुपर लीगमध्ये गेला तो २०२३ साली, तेव्हा कुठे वर जाणारी वाट सुरू झाली. आणि मुंबईचा महिंद्र युनायटेड २०१० साली बंद झाला तो कोणत्याही शनिवारी हरल्यामुळे नव्हे. अशा निर्णयाच्या दिवशी पंधरा हजार माणसे कुठे जमणार?

टॉर्कीचे राहिले. कुत्र्याने वाचवलेला हा क्लब २००७ साली लीगबाहेर गेला, परत आला, २०१४ मध्ये पुन्हा गेला. जून २०२१ मध्ये परतीच्या अंतिम सामन्यात त्यांच्या गोलरक्षकाने, लुकास कोव्होलानने, ९५ व्या मिनिटाला डोक्याने गोल करून बरोबरी साधली. जिमी ग्लासची आठवण यावी असा गोल, पण पेनल्टी शूटआउटमध्ये ते हरले. हरवले कोणी, तर हार्टलपूलने. २०२४ मध्ये टॉर्की दिवाळखोरीच्या दारात उभा राहिला आणि स्थानिक पाठीराख्यांच्या एका गटाने तो विकत घेतला. गटाचे नाव त्यांनी ब्रिन ठेवले आहे, त्या पोलिसी अल्सेशियनवरून.