रक्तात की कुंपणात?

सोलापुरात ‘सेटलमेंट’ नावाची वस्ती आहे. रिक्षावाल्याला पत्ता सांगताना आपण हे नाव सहज घेतो. पण या नावामागे आनुवंशिकतेविषयीच्या एका मोठ्या चुकीचा इतिहास आहे.

१८७१ साली इंग्रज सरकारने गुन्हेगार जमाती कायदा केला. सुताराचा मुलगा सुतार, तसा चोराचा मुलगा चोर, असा त्यामागचा विचार होता. मेंडेलचा वाटाण्यावरचा निबंध १८६६ सालीच छापला गेला होता, पण त्याची दखल घेतली गेली १९०० साली. म्हणजे कायदा करणाऱ्यांनी ‘आनुवंशिक’ म्हटले ते जीवशास्त्र नव्हते. ती जातीविषयीची समजूत होती.

१९११ साली हा कायदा मुंबई इलाख्यालाही लागू झाला आणि सोलापुरात वसाहत उभी राहिली. पारधी, कैकाडी, टकारी अशा जमातींची कुटुंबे तारेच्या कुंपणात आली. दिवसा गिरणीत काम, ठरल्या वेळी हजेरी, बाहेर जायचे तर पास. कोणी गुन्हा केला आहे की नाही, हा प्रश्नच नव्हता. जन्म हाच पुरावा.

गंमत अशी, की याच कायद्याने मुलांना आईबापांपासून वेगळे काढून शाळेत ठेवण्याचा अधिकार सरकारला दिला होता. गुन्हा रक्तातच असेल, तर मुले वेगळी ठेवून काय साधणार? परिस्थिती माणूस घडवते, हे कायद्याने नकळत कबूलच केले होते!

आज या प्रश्नाकडे मोजमाप करून पाहता येते. समरूप जुळ्यांची जनुके जवळजवळ सारखी असतात. असमरूप जुळ्यांची, इतर भावंडांप्रमाणे, सरासरीने निम्मी. एखाद्या गुणात समरूप जुळी अधिक सारखी निघाली, तर तिथे जनुकांचा वाटा आहे असे मानतात. २००८ साली स्वीडन आणि अमेरिकेतील जुळ्यांना पैशांचा एक खेळ दिला गेला. अनोळखी माणसावर भरवसा ठेवून त्याला किती रक्कम द्यायची, हे प्रत्येकाने ठरवायचे. या विश्वासातील फरकांत आनुवंशिकतेचा वाटा स्वीडनमध्ये सुमारे २० टक्के, तर अमेरिकेत १० टक्के निघाला. २०१४ सालच्या नेदरलँड्समधील अभ्यासात तर तो जवळपास आढळलाच नाही.

हे अभ्यास प्रौढांचे आहेत. शिवाय हे आकडे एका समाजातील माणसामाणसांतल्या फरकांविषयी बोलतात. एखाद्या मुलाविषयी किंवा जमातीविषयी त्यांवरून काहीच सांगता येत नाही. पण एवढे दिसते, की विश्वासातील फरकांचा मोठा भाग अनुभवांतून येतो. तेरा ते अठरा या वयात मूल घराबाहेरच्या जगाशी आपले नाते जोडू लागते. त्या वयात ज्याची रोज संशयाने हजेरी घेतली गेली, त्याने जगावर विश्वास कुठून ठेवावा? आणि मग त्याच्या अविश्वासालाच ‘जमातीचा स्वभाव’ म्हटले गेले.

३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा रद्द झाला. या जमाती ‘विमुक्त’ ठरल्या. तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळला जातो. समजूत मात्र कायद्याबरोबर रद्द होत नाही.

शाळेतही आपण रोज हजेरी घेतो. वर्गात कोणाचे पेन हरवले, की आपली नजर आधी कोणाकडे वळते? उत्तर वर्गाला सांगायची गरज नाही. ज्याच्याकडे ती वळते, त्या मुलाला ते केव्हाच कळलेले असते.